पार्श्वभूमी: निवृत्त तज्ज्ञ, लहान कारखाने आणि २००३ चा निर्णय

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात शेड (लहान कारखाना) चालवणाऱ्यांना ही पद्धत नवी नाही. उभी हयात कारखान्यात काढलेला परदेशी माणूस निवृत्तीनंतर येतो, दोन-तीन आठवडे लेथ-डायपाशी उभा राहतो, रिजेक्शन (माल बाद होणे) कशामुळे होते ते शोधतो आणि पगार घेत नाही. विमानाचे तिकीट बहुधा धाडणारा देश काढतो. राहणे, जेवण आणि रोजची ने-आण कारखानदाराकडे. त्यामुळे ‘फुकटचा सल्ला’ हे वर्णन तितकेसे खरे नाही.

अमेरिकेने १९६१ मध्ये तरुणांना स्वयंसेवक म्हणून परदेशी धाडायला सुरुवात केली. अनुभवी व्यावसायिकांना पाठवण्याची कल्पना तिथेच १९६४ मध्ये उद्योजकांनी उचलली. पुढे कॅनडा (१९६७), ब्रिटन (१९७२), नेदरलँड्स (१९७८) आणि पश्चिम जर्मनी (१९८३) याच वाटेने गेले. १९६४ मध्येच भारतानेही विकसनशील देशांसाठी तांत्रिक सहकार्याचा सरकारी कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रशिक्षणाबरोबर भारतीय तज्ज्ञ बाहेर पाठवण्याचीही सोय होती. म्हणजे आपण फक्त घेणारे कधीच नव्हतो.

खरा गुंता २००३ चा. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात केंद्राने जाहीर केले की लहान दात्या देशांकडून द्विपक्षीय मदत यापुढे नको. परकीय गंगाजळी तेव्हा ७,००० कोटी डॉलरच्या वर गेली होती आणि देशाला हात पसरायची गरज उरलेली नाही, हा त्यामागचा विचार. अमेरिका, ब्रिटन, जपान, जर्मनी, रशिया आणि युरोपीय संघ एवढेच यादीत राहिले. नेदरलँड्स आणि कॅनडा बाहेर. या देशांनी आपला पैसा स्वयंसेवी संस्था किंवा संयुक्त राष्ट्रांमार्फत द्यावा, असे सांगण्यात आले. सप्टेंबर २००४ मध्ये नव्या सरकारने हे सैल केले. जी-८ या आठ बड्या देशांच्या गटातल्या सर्वांना (म्हणजे कॅनडालाही) दार उघडले आणि युरोपीय संघातल्या बाकीच्यांना वर्षाला किमान अडीच कोटी डॉलरची अट घातली.

स्वाभिमानाचा मुद्दा समजण्यासारखा आहे, पण ‘मदत’ या एका शब्दात फार वेगवेगळ्या गोष्टी बांधल्या गेल्या. धरणासाठीचे कर्ज, शाळांसाठीचे अनुदान आणि सरकारी निधीतून तिकीट मिळालेला, तुर्भ्याच्या शेडमध्ये साच्याचे तापमान तपासणारा निवृत्त फोरमन यांना एकच मोजपट्टी कशी लावायची? त्या फोरमनच्या ज्ञानाची किंमत अडीच कोटी डॉलरच्या हिशेबात कुठे धरायची? सांगितलेल्या पर्यायी वाटाही कारखानदाराच्या कामाच्या नव्हत्या, कारण तो ना सरकार, ना स्वयंसेवी संस्था. निर्णयावरच्या चर्चेत प्रतिष्ठेबद्दल पुष्कळ बोलले गेले. हा लहान उद्योजक त्यात फारसा दिसत नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

२०२० च्या साथीत प्रवास थांबला आणि सल्ला पडद्यावर आला. पण यंत्राचा आवाज ऐकून दोष ओळखणाऱ्या माणसाला पडद्यावरून काय कळणार? २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी विकास मदत गोठवली. तिच्यावर उभे असलेले स्वयंसेवी कार्यक्रमही त्यात अडकले.

दरम्यान ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कितीतरी मोठे कारखाने बंद झाले आणि त्यांच्या जागी आयटी पार्क आले. त्या कारखान्यांत घडलेले टूलरूमवाले (साचे-हत्यारे बनवणारे), रसायनतज्ज्ञ, देखभाल अभियंते आज ठाण्यात, वाशीत, नेरुळला निवृत्त आयुष्य जगताहेत. पूर्व आफ्रिकेतल्या एखाद्या प्लास्टिक मोल्डिंगवाल्याला हवे असते ते नेमके यांच्याकडे आहे. मात्र आपल्या १९६४ च्या कार्यक्रमात तज्ज्ञ जातो तो समोरच्या देशाच्या सरकारने मागणी केल्यावर. तिथल्या शेडवाल्याला इथल्या फोरमनला थेट बोलावण्याची सोय त्यात नाही.