बॅलन्स्ड फ्ल्यू (गॅस शेकोटीसाठी)

घरगुती गॅस शेकोटीला जळणासाठी बाहेरची हवा पुरवणारी आणि जळलेले वायू बाहेर सोडणारी दुहेरी नळी. आतल्या नळीतून गरम वायू बाहेर पडतात, तर तिच्याभोवतीच्या पोकळीतून ताजी हवा ज्योतीकडे येते. दोन्हींची तोंडे बाहेर शेजारीशेजारी असल्यामुळे वाऱ्याचा दाब दोन्हींवर सारखा पडतो आणि सोसाट्याच्या वाऱ्यातही ज्योत स्थिर राहते. समोरची काच पेटी पूर्ण बंद करते, म्हणून खोलीतल्या हवेचा ज्योतीशी संबंध उरत नाही. बसवण्याचे सगळे काम ही बंदिस्ती टिकवण्यासाठीच असते.

युरोपात अशा शेकोट्यांना बहुधा १०० मिमीची आतली आणि १५० मिमीची बाहेरची नळी वापरतात. शेकोटी आणि नळी यांची चाचणी एकत्र झालेली असते. दुसऱ्या उत्पादकाची नळी मापाने बसली तरी ती जोडू नये. नळीची कमाल लांबी, एल्बोंची (नळी वळवणाऱ्या तुकड्यांची) संख्या आणि आडवे वळण घेण्याआधी लागणारी उभी चढण या गोष्टी त्या मॉडेलच्या पुस्तिकेतूनच घ्याव्यात. अंदाज इथे चालत नाही. आडव्या भागाचा उतार कोणत्या दिशेने हवा, हेही मॉडेलनुसार बदलते.

जागा निवडताना बाहेरच्या तोंडाचा, म्हणजे टर्मिनलचा, विचार आधी करावा. भिंतींचा आतला कोपरा, छपराच्या पुढे आलेल्या भागाखालची जागा, तळघरापुढचा खड्डा किंवा बंदिस्त चौक टाळावा. अशा ठिकाणी जळलेले वायू साचतात आणि हवेच्या वाटेने परत आत ओढले जातात. मग ऑक्सिजन कमी पडून ज्योत बर्नरवरून उचलली जाते आणि काही मिनिटांत विझते. ब्रिटनमध्ये पंख्याविना चालणाऱ्या फ्ल्यूचे तोंड उघडणाऱ्या खिडकीच्या खाली किमान ३०० मिमी आणि ७ ते १४ किलोवॉटच्या उपकरणासाठी ६०० मिमी ठेवतात. जमिनीपासून २ मीटरच्या आत असेल तर जाळी बसवावी लागते, कारण ते तोंड हात भाजण्याइतके तापते.

भिंतीला भोक पाडण्यापूर्वी आत वीजतारा किंवा पाण्याच्या नळ्या नाहीत याची खात्री करावी. लाकडी चौकट असेल तर पुस्तिकेत सांगितलेले अंतर सोडून आणि अग्निरोधक कवच घालूनच नळी न्यावी. भोकात स्लीव्ह (फ्ल्यूची नळी जिच्यातून जाते ते बाह्य आवरण) बसवून तिच्याभोवतीची फट दोन्ही बाजूंनी बुजवावी, नाहीतर पाणी किंवा वायू पोकळ भिंतीत शिरतात. प्रत्येक सांधा शेवटपर्यंत दाबून, सील नीट बसवून क्लॅम्पने आवळावा. आतल्या नळीचा सांधा सैल राहिला तर जळलेले वायू येणाऱ्या हवेत मिसळतात. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही, म्हणून ही चूक सर्वांत फसवी. आडव्या नळीला आधारही हवा, नाहीतर ती हळूहळू वाकते आणि सांधे उघडतात.

उंच उभ्या नळीत गरम वायू वर खेचणारी ओढ जास्त होते. तेव्हा पुस्तिकेत दिलेल्या मापाची रेस्ट्रिक्टर पट्टी (वाट अरुंद करून ओढ कमी करणारी) लावतात. ती विसरली तर ज्योत उचलते. गरज नसताना लावली तर हवा कमी पडून काच काळी होते. काच काळी होण्याचे आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे शोभेचे सिरॅमिक ओंडके किंवा निखारे आराखड्यापेक्षा वेगळ्या जागी रचणे. ओंडका ज्योतीच्या मार्गात आला की काजळी धरते.

काम परवानाधारक गॅस तंत्रज्ञानेच करावे. ब्रिटनमध्ये तो ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंदलेला असावा लागतो. पेटवण्याआधी गॅसवाहिनीची गळती चाचणी करावी, मग बर्नरचा दाब मोजावा. काच बसवल्याशिवाय शेकोटी कधीही चालवू नये. सुमारे २० मिनिटे पेटल्यावर ज्योतीचा आकार, काचेची कड आणि टर्मिनल पाहावे. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा; तो गॅसगळती ओळखत नाही, हे घरच्यांना सांगून ठेवावे. वार्षिक तपासणीत काचेचे गॅस्केट (कडेची सील-पट्टी) आवर्जून पाहावे. ते दबलेले किंवा तुटलेले असेल तर गॅस्केट बदलेपर्यंत शेकोटी बंद ठेवावी.