'गेलतो'चं इंग्रजी: वेन्ट की हॅड गॉन?

"काल कुठी गेलता बे?"
"वर्ध्याले गेलतो."

आर्वीकडच्या कोणत्याही पानठेल्यावर ऐकू येईल असं हे बोलणं. गेलतो म्हणजे गेलो होतो. तेच पोरगं वहीत लिहितं, 'आय हॅड गॉन टू वर्धा यस्टरडे.' शब्दाला शब्द जुळला, पण इंग्रजी कानाला हे वाक्य अर्धवट लागतं. गेला होतास, बरं, पुढे काय झालं, म्हणून ऐकणारा थांबून राहतो. पुढे काहीच येत नाही. इथे साधं 'आय वेन्ट' हवं होतं.

यात पोराची चूक कमी आणि आपल्या 'होतो'ची करामत जास्त. 'बाबा वर्ध्याला गेले' म्हटलं की बाबा अजून तिकडेच. 'गेले होते' म्हटलं की बाबा परत येऊन ओसरीवर चहा घेत बसलेत. आपला 'होते' परतीची खबर देतो, नाहीतर गोष्ट जुनी झाल्याचं सांगतो. इंग्रजी 'हॅड'ला या दोन्हींशी देणंघेणं नाही. कालची असो की पणजोबांच्या काळातली, एकटी घटना साध्या भूतकाळातच जाते. 'हॅड' लागतो तो भूतकाळातल्या एका घटनेच्या मागे जाऊन तिच्याही आधीचं सांगायचं असेल तेव्हा.

एसटी स्टँडवर हे लगेच कळतं. 'व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस लेफ्ट' म्हणजे मी पोचलो अन् बस हलली, धावलो असतो तर सापडलीही असती. 'द बस हॅड लेफ्ट' म्हणजे मी पोचलो तेव्हा फलाटावर नुसती धूळ.

मी पोरांना एक युक्ती सांगतो: मराठी वाक्यात 'आधीच' घालून पाहा. 'मी पोचलो तेव्हा बस आधीच गेली होती' छान बसतं, म्हणून हॅड. 'मी काल आधीच वर्ध्याला गेलो होतो' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कशाच्या आधी? उत्तर नसेल तर वेन्ट.

सांगायचा क्रमही बघावा लागतो. गांधीजींनी 1930 साली साबरमती सोडली आणि 1936 साली ते सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. घडलं त्याच क्रमाने सांगितलं तर इंग्रजीत दोन्ही क्रियापदं साधी, लेफ्ट आणि सेटल्ड. पण सेगावपासून सुरुवात करून मागे वळलात, तर 'ही हॅड लेफ्ट साबरमती इन 1930'.

'आफ्टर' किंवा 'बिफोर' असलं की क्रम त्या शब्दातूनच कळतो, मग हॅड नसला तरी चालतं. परीक्षेत मात्र लिहून मोकळं व्हावं, तपासणाऱ्याशी वाद कोण घालणार!

आता गंमत बघा. सर संध्याकाळी पोराच्या घरी आले, दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी इंग्रजीत विचारलं, मी आलो तेव्हा घरी का नव्हतास? आता त्याच पोराने 'आय हॅड गॉन टू वर्धा' म्हटलं, तर ते सोळा आणे बरोबर.