गाडी मिस मारते? येताना जुने प्लग घेऊन या

(जुन्या पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांच्या ग्राहकांसाठी, चाळीसगावच्या आमच्या गॅरेजकडून)

आठवड्यातून दोन-तीनदा तरी आमच्या दारात हे वाक्य ऐकू येतं, ‘भाऊ, गाडी मिस मारस.’ पाठोपाठ दुसरं, जरा अभिमानानं: ‘प्लग नवे टाकले, वायरी नव्या टाकल्या, फिल्टर बदलला, आता तुम्ही बघा.’ जुने प्लग कुठे आहेत विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘फेकले की!’ हा कागद त्या फेकलेल्या प्लगांपायी छापला आहे.

मिस म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, इंजिन लंगडतं, आयडलिंगला स्टिअरिंग थरथरतं, चढावर पिकअप जातो. पेटायला ठिणगी लागते, पेट्रोल-हवेचं बरोबर मिश्रण लागतं आणि सिलिंडरमध्ये दाब लागतो. यातलं काय कमी पडतंय ते जुना प्लग बऱ्याचदा स्वतःच सांगतो. वैद्य जीभ बघतो तसा आम्ही प्लग बघतो. टोकाला फिकट तपकिरी रंग असेल तर त्या सिलिंडरचं बरं चाललंय. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी अशक्त आहे. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर बहुतेक ठिणगी पडतच नाही. तेलकट काळा असेल तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बघावं लागतं, तिथून तेल आत येतं. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन फार तापतंय. कधी पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असते. करंट आत जायच्या ऐवजी त्या रेघेवरून बाहेर पळतो. जेमतेम दहा मिनिटं चाललेल्या नव्या प्लगवर यातलं काहीच दिसत नाही.

मागच्या पावसाळ्यात भडगावकडचे एक गुरुजी त्यांची जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८०० घेऊन आले. सकाळी मिस, दुपारी गाडी एकदम झकास. तीन आठवड्यांत त्यांनी तिन्ही प्लग, एचटी वायरी (प्लगला करंट नेणाऱ्या), पेट्रोल पंप, फिल्टर असं सगळं पालटलं होतं. आमच्याकडे आली तेव्हा मात्र गाडी दुपारीही मिस मारत होती. तो बिघाड नवाच होता: मधल्या सिलिंडरची नवी वायर प्लगवर पुरती दाबून बसवलेलीच नव्हती. अर्धा दिवस तो शोधण्यात गेला, आणि मूळ दुखणं तसंच. गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी दमट हवेत पहिला सेल मारला आणि इंजिन लंगडायला लागलं. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या भागाची, कॅप उघडून उजेडात धरली, तर आत दोन टोकांच्या मध्ये मुंग्यांच्या रांगेसारखी काळी रेघ. ओल धरली की करंट तिच्यावरून भलतीकडे जायचा, ऊन पडून कॅप वाळली की गाडी शहाणी. गुरुजींना नंतर आठवलं की जुन्या तीन प्लगांपैकी दोन काळे होते, एक स्वच्छ होता. एवढं आधी कळलं असतं तर दोन सिलिंडरना मिळून जे सामाईक आहे तेच आम्ही पहिल्यांदा उघडलं असतं. कॅपची किंमत त्यांनी आधी घातलेल्या सामानापुढे काहीच नव्हती.

म्हणून सांगणं एवढंच की खुणा पुसून गाडी आणू नका. येण्याआधी इंजिन धुऊ नका. वॉशिंगचं पाणी प्लगच्या खड्ड्यात साचलं की तोच एक नवा मिस. चेक इंजिनचा दिवा घालवायला बॅटरीची वायर काढू नका. गाडीच्या कॉम्प्युटरनं साठवलेला बिघाडाचा कोड त्यात उडतो, बिघाड कुठल्या वेगाला, किती तापमानाला झाला ती नोंदही जाते. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवूच नका, आम्हाला बोलवा. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो वितळला की प्लगाचा खर्च हसण्यावारी जातो.

‘स्कॅनर लावा, लगेच कळेल’ असंही बरेच जण म्हणतात. लावतोच. पण पी०३०१ हा कोड आला तर एक नंबरचा सिलिंडर मिस मारतोय एवढंच कळतं, का मारतोय ते नाही. पी०३०० आला तर तेवढंही नाही. आणि कॉम्प्युटरच नसलेल्या कार्बोरेटरच्या गाडीला स्कॅनर लावायचा कुठे?

पुढचं काम हातानं आणि कानानं होतं. संशयाचा प्लग आम्ही शेजारच्या सिलिंडरला लावतो. मिस प्लगबरोबर सरकला तर प्लग दोषी. जागीच राहिला तर मग वायर, कॉइल, इंजेक्टर, एका वेळी एकच. तिथेही नाही सापडलं तर कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघतो. दाब कमी आला तर सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून परत मोजतो: वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारच्या दोन्ही सिलिंडरचा दाब कमी असला तर बहुतेक हेड गॅस्केट.

मिस कधी मारतो हे मात्र तुम्हीच सांगू शकता. फक्त कन्नड घाट चढताना मारत असेल तर करंट बघायचा, कारण लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त जोर लागतो. मे महिन्यात तासभर चालल्यावरच मारत असेल तर तापलेल्या कॉइलवर संशय. फक्त आयडलिंगला मारतो आणि रेस दिली की जातो, तर एखादा व्हॅक्युम पाइप चिरलेला. सीएनजीवर मारतो, पेट्रोलवर नाही, तर बऱ्याचदा प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, वाढलेला. गॅसला ठिणगी जोरकस लागते. आणि वर्षानुवर्षं गॅसवर पळालेल्या गाडीचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट, तपासून घ्याच. व्हॉल्व्ह सीट झिजून टॅपेट आवळत जातात, फट कमी होते, गरम इंजिनात व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. टॅपेट आवळले की आवाज उलट कमी होतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. शेडमध्ये, कपाशीच्या गंजीशेजारी गाडी उभी असते त्यांनी बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेवढं स्वतः बघावं, त्याचे आम्ही पैसे घेत नाही.

बाकी तपासणीचे ५०० रुपये घेतो. ‘नुसतं बघायचे?’ असं तोंडावर विचारणारेही आहेत. नुसतं बघण्यात आमची सकाळ जाते, आणि त्या बघण्यामुळेच तुमचं नको ते सामान वाचतं. काम इथेच केलं तर हे पैसे बिलातून वजा होतात. दुसरीकडे करायचं असेल तर निदान कागदावर लिहून देतो, राग नाही. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून तुमच्या हातात दिला जातो.

गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी आणून लावा, म्हणजे सकाळी पहिला सेल गार इंजिनावर आम्हाला मारता येईल. प्लग आधीच बदलले असतील तर जुने कागदात गुंडाळून आणा, आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते पेनानं लिहा. मोजायला बेल्टच्या बाजूनं सुरुवात करायची, तो एक नंबर.