पातू

पातू हे न्यूझीलंडमधील माओरी लोकांचे एका हाताने वापरायचे आखूड शस्त्र आहे. माओरी भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ ‘मारणे, फटका देणे’. लांबी बहुधा ३० ते ४० सेंमी., पाते चपटे व पानासारखे रुंद, कडा पातळ केलेली आणि मुठीच्या टोकाला वळी कोरलेले बोंड. संग्रहालयांत त्याला बहुतेक वेळा गदा म्हटले जाते, पण हे नाव दिशाभूल करणारे आहे. गदेचे सामर्थ्य तिच्या वजनात, तर पातूचे त्याच्या कडेत असते.

प्रशांत महासागरातील पॉलिनेशिया या बेटांच्या प्रदेशात धातू नव्हता. बेटावर किंवा समुद्रात जे मिळेल त्यातूनच शस्त्र घडवावे लागे. हवाईत लाकडाच्या कडेला शार्कचे दात बसवत. टोंगा व सामोआत जड गदा ‘तोआ’च्या लाकडाच्या असत. हा तोआ म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्याला आडोसा म्हणून लावतात तो सुरू. त्याचे लाकूड इतके टणक की तेथे ‘तोआ’ म्हणजे झाडही आणि योद्धाही. सुमारे तेराव्या शतकात माओरींचे पूर्वज थंड न्यूझीलंडमध्ये आले. तेथे सुरू नव्हता. त्यांच्या भाषेत तोआचा ‘योद्धा’ हा अर्थ टिकला आणि शस्त्रांसाठी त्यांनी स्थानिक लाकडांबरोबरच व्हेलचे हाड व दगड हाताशी धरला. पातूचा आकार मात्र बहुधा पूर्व पॉलिनेशियातून आला असावा. तेथील सोसायटी बेटांपैकी हुआहिने येथे १९७० च्या दशकात योसिहिको सिनोटो यांच्या उत्खननात लाकडाचे व व्हेलच्या हाडाचे पातू मिळाले आणि ते माओरी पातूंशी फार जुळतात.

पातूचे प्रकार पदार्थावरून व आकारावरून ओळखतात. स्पर्म व्हेलच्या जबड्याच्या हाडाचा तो पातू पाराओआ, काळसर दगडाचा पातू ओनेवा. कोतिआतेच्या दोन्ही कडांना खाचा असतात (नावाचा अर्थ ‘यकृत कापणे’). वाहाइका म्हणजे ‘माशाचे तोंड’. त्याची एक कड आत वळलेली असून मुठीजवळ बहुधा छोटी मानवाकृती कोरलेली असते.

या सर्वांत मानाचा तो मेरे पोउनामू, म्हणजे हिरव्या दगडाचा पातू. पोउनामू हा मुख्यतः नेफ्राइट जातीचा जेड. तो फक्त दक्षिण बेटावर सापडतो, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावरील अराहुरा नदीच्या परिसरात. बेटाचे ते वाइपोउनामू हे नावही त्यावरूनच पडले. फिकट, मोतिया छटेच्या दगडाला ‘इनांगा’ हे एका लहान माशाचे नाव, तर गर्द हिरव्याला ‘कावाकावा’ या झुडपाचे. नेफ्राइटचे स्फटिक तंतूंसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून पातळ कड काढली तरी ती सहज फुटत नाही. याच गुणामुळे दगडाला छिन्नी-हातोड्याने आकार देता येत नाही, तो घासावाच लागतो. खनिजांचा कठीणपणा १ ते १० अशा मोस मापाने मोजतात. त्यावर नेफ्राइटचा ६ ते ६.५, क्वार्ट्‌झचा ७. म्हणून क्वार्ट्‌झयुक्त वालुकाश्मावर पाणी घालून, सहाणेवर खोड उगाळावे तसा तो झिजवत. दोन्ही बाजूंनी खाच पाडून तुकडा वेगळा करायचा, मग पाते घासायचे आणि शेवटी दोरीने फिरवायच्या गिरमिटाने मुठीला दोन्हीकडून भोक पाडायचे. यात महिनेच्या महिने जात. धातूचे एकही हत्यार न वापरता काढलेली ही कड पाहिली की कारागिराच्या धीरापुढे मान झुकते.

भोकातून ओवलेली दोरी अंगठ्यात अडकवून हाताभोवती गुंडाळत, त्यामुळे झटापटीत शस्त्र सुटत नसे. वार वरून खाली नव्हे, तर समोर भोसकल्यासारखा, पात्याच्या टोकाने कानशिलावर, जबड्यावर किंवा बरगड्यांवर केला जाई. परतीच्या हालचालीत मुठीचे बोंडही उपयोगी पडे. अंतर इतके कमी की निकाल पायांच्या चपळाईवर ठरे.

जेम्स कुक १७६९ मध्ये न्यूझीलंडला पोचला, तेव्हा त्याच्याबरोबर निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स होता. पुढच्या सफरीत भेट देण्यासाठी बँक्सने १७७२ मध्ये लंडनच्या एका ओतशाळेत दगडी पातूवरून ४० पितळी प्रतिकृती ओतवून घेतल्या व त्यांवर स्वतःचे कुलचिन्ह कोरले. प्रत्यक्षात त्या सफरीवर तो गेलाच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंदुका आल्या आणि पातूचे लढाईतले महत्त्व ओसरले.

प्रतिष्ठा मात्र ओसरली नाही. नामवंत मेरेंना स्वतःची नावे असत. ते पिढ्यान्‌पिढ्या वारशाने जात आणि ज्यांच्या हातून ते गेले त्यांचा ‘माना’, म्हणजे अधिकार व तेज, त्यांत साठत जाई, अशी श्रद्धा आहे. तह पक्का करताना मेरे दिला जाई. कायमच्या शांततेला माओरीत ‘तातौ पोउनामू’, म्हणजे पोउनामूचे दार, म्हणतात. १९९७ च्या कायद्याने न्गाई ताहू जमातीच्या प्रदेशातील नैसर्गिक पोउनामूची मालकी त्या जमातीकडे परत आली. आज सभास्थानी भाषणाला उभा राहणारा वक्ता हातात पातू घेतो आणि बोलता बोलता मनगटाच्या हलक्या झटक्याने ते थरथरवतो.