तबकडीचं केंद्र ढळतं तेव्हा

ग्रामोफोन रेकॉर्डचं मधलं भोक किंचित बाजूला पडलेलं असेल, तर कानाला ते लगेच कळतं. लांबवलेला सूर एका जागी राहत नाही. चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. रेकॉर्ड मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी असेल तर हा हेलकावा दर 1.8 सेकंदांनी परत येतो, कारण एका फेऱ्याला तेवढाच वेळ लागतो. सुई केंद्रापासून 100 मिलिमीटरवर असताना भोक 1 मिलिमीटरने सरकलेलं असेल, तर सूर साधारण 1 टक्का वर आणि तेवढाच खाली जातो.

ऑप्टिकल एन्कोडरमध्येही अशीच एक तबकडी असते. यंत्राचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, किती फिरला हे मोजणं हे तिचं काम. काचेच्या किंवा धातूच्या पातळ चकतीवर कडेने हजारो बारीक रेषा असतात. एका बाजूला एलईडी, दुसऱ्या बाजूला प्रकाश टिपणारा संवेदक. चकती फिरते तसा उजेड-अंधार-उजेड असा क्रम पडत जातो आणि इलेक्ट्रॉनिक्स ते ठोके मोजत राहतं. फिरण्याची दिशा कळावी म्हणून पाव टप्प्याने मागे-पुढे असे ठोक्यांचे दोन प्रवाह घेतात. त्यांना ए आणि बी म्हणतात. यंत्रमानवाचा हात, संगणकाच्या हुकमावर चालणारं सीएनसी मशीन, दुर्बिणीची बैठक, सगळ्यांचा भरवसा या मोजणीवर.

आता ही चकती शाफ्टवर बसवताना तिचं केंद्र शाफ्टच्या आसापासून 10 मायक्रॉन बाजूला राहिलं असं धरू (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाच्या केसाची जाडी याच्या कितीतरी पट असते. रेषा 20 मिलिमीटर त्रिज्येवर असतील तर चूक किती होईल? 10 मायक्रॉन भागिले 20 मिलिमीटर, म्हणजे 0.0005 रेडियन, अंशांत सुमारे 0.029. आकडा किरकोळ वाटतो. पण 1 मीटर लांबीच्या यांत्रिक हाताच्या टोकाशी तोच अर्धा मिलिमीटर होतो, आणि अर्ध्या फेऱ्यानंतर तेवढाच उलट्या बाजूला. अशा हाताने सुटे भाग जोडायचे असतील तर काम बिघडलंच.

या दोषाची सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे फेरा पूर्ण झाला की हिशेब चोख जुळतो. चकतीवर 2500 रेषा असतील तर केंद्र कितीही ढळलेलं असो, एका फेऱ्यात 2500च रेषा संवेदकासमोरून जातात. ठोके मोजून दोष सापडणार नाही. फेऱ्याच्या एका अर्ध्या भागात रेषा थोड्या घाईने येतात, दुसऱ्या अर्ध्या भागात रेंगाळत, आणि शेवटी सगळं बरोबर होऊन बसतं. ठोक्यांची संख्या खरी, त्यांच्या वेळा खोट्या.

मग पकडायचं कसं? वर्कशॉपमधला पहिला विचार डायल गेजचा, म्हणजे बारीकशी हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचा. चकतीच्या कडेला डायल लावायचा, शाफ्ट फिरवायचा, काटा किती हलतो ते बघायचं. पण काचेची कड आणि तिच्यावरच्या रेषा एकाच केंद्राभोवती असतील असं नाही. म्हणून रेषांबरोबरच, त्याच छपाईत, चकतीवर एक बारीक अखंड वर्तुळ काढून ठेवतात. जोडणी करणारा सूक्ष्मदर्शकात डोळा लावून शाफ्ट हळूहळू फिरवतो. केंद्र जुळलेलं असेल तर वर्तुळाची रेघ जागची हलत नाही. ढळलेलं असेल तर ती आत सरकते, बाहेर येते. ही पूर्ण सरक चुकीच्या दुप्पट असते. रेघ 20 मायक्रॉन हलली तर केंद्र 10 मायक्रॉन बाजूला आहे. मग त्या बाजूने चकतीला हलकीशी टिचकी, पुन्हा फेरा, पुन्हा टिचकी. रेघ स्थिर झाली की अतिनील किरणांनी घट्ट होणारा गोंद पक्का करायचा. हे काम पाहताना माणसाच्या बोटांबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

एन्कोडर एकदा बंद झाला की आत डोकावता येत नाही. तेव्हा संकेतांनाच विचारावं लागतं. शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरवून लागोपाठच्या ठोक्यांमधला वेळ मोजला, तर फेऱ्यागणिक एकदा येणारा चढ-उतार दिसतो. पण हा चढ-उतार तबकडीचा की शाफ्टच्या वेगाचाच? आडव्या शाफ्टवरचं वजन एका बाजूला जास्त असेल तर गुरुत्वाकर्षणामुळे वेगही फेऱ्यागणिक एकदा वर-खाली होतो. यावर मला फार आवडणारी एक युक्ती आहे. वेग दुप्पट करायचा. वजनाच्या असमतोलामुळे येणारा चढ-उतार, वेगाच्या प्रमाणात पाहिला तर, साधारण एक चतुर्थांशावर येतो, कारण फिरण्याची ऊर्जा चौपट झालेली असते आणि गुरुत्वाकर्षणाची ओढ तेवढीच राहते. तबकडीचा दोष मात्र भूमितीचा आहे. तो टक्केवारीत जेवढा होता तेवढाच राहतो.

तरीही एका संवेदकाच्या साक्षीला मर्यादा आहेत. खरा उपाय म्हणजे दुसरा संवेदक, पहिल्याच्या बरोबर समोर, 180 अंशांवर. केंद्र ढळल्यामुळे एका बाजूला रेषा जेवढ्या पुढे धावतात, तेवढ्याच समोरच्या बाजूला मागे पडतात. मधले 180 अंश वजा करून दोन्ही वाचनांची सरासरी घेतली की चूक नाहीशी होते. आणि त्याच दोन वाचनांतल्या फरकाचं अर्ध घेतलं की शाफ्टची गती वजा होऊन नुसती चूक हातात राहते. शाफ्ट डळमळत्या वेगाने फिरो, थांबत-थांबत फिरो, काही बिघडत नाही. केंद्र किती ढळलंय आणि कोणत्या दिशेला, दोन्ही त्यात लिहिलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या आधीपासून जमीन मोजणारे हे करत आले आहेत: त्यांच्या कोन मोजण्याच्या यंत्राच्या, थिओडोलाइटच्या, वर्तुळावर समोरासमोर दोन व्हर्निअर, म्हणजे बारीक वाचनाच्या पट्ट्या, असतात ते याचसाठी.

चकती तिरकी बसली असेल तर गोष्ट वेगळी. तिच्यामुळे कोनात येणारी चूक फेऱ्यात दोनदा उमटते आणि समोरासमोरच्या संवेदकांत सारखीच येते, म्हणून सरासरीत जात नाही. ती घालवायला 90 अंशांवर चार संवेदक लावतात. पण तिरकेपणा दुसऱ्या वाटेने उघडा पडतो. चकती आणि तिच्यासमोर संवेदकापुढे स्थिर बसवलेली बारीक रेषांची जाळी यांच्यातलं अंतर फिरताना कमी-जास्त होतं, आणि अंतर वाढलं की रेषांची सावली पुसट होते. ज्या एन्कोडरचे ए आणि बी संकेत गुळगुळीत लाटांचे असतात, ते ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विद्युत संकेत पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, आडव्या-उभ्या अक्षांना जोडले की पडद्यावर वर्तुळ उमटतं, दर रेषेमागे एक. शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. वर्तुळ एका फेऱ्यात एकदा फुगून पुन्हा आकसत असेल, तर चकती डोलते आहे.

केंद्र ढळल्याची चूक दर फेऱ्याला तशीच येते, म्हणून तिचा तक्ता करून स्मृतीत ठेवता येतो आणि प्रत्येक वाचनातून ती वजा करता येते. दोन संवेदकांच्या यंत्रात हा तक्ता चालू कामातही पडताळता येतो. या चुकीचं मान हळूहळू वाढत गेलं तर बेअरिंगकडे पाहायचं. एका धक्क्यासरशी तिची दिशाच बदलली, तर गोंद सुटलाय आणि तबकडी शाफ्टवर सरकली आहे.