प्रवाहाविरुद्ध चढणारा जंतू

मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग क्वचितच रक्तावाटे येतो. बहुतेक वेळा तो खालून वर चढलेला असतो. आतड्यात एरवी निमूटपणे राहणारा ई. कोलाय हा जिवाणू मूत्रमार्गाच्या तोंडाशी पोहोचतो, तिथून मूत्राशयात शिरतो आणि मूत्रवाहिनीतून आणखी वर सरकला, तर मूत्रपिंडातच ठाण मांडतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा असतो, पुरुषांचा सुमारे २०. हा आजार स्त्रियांमध्ये जास्त दिसण्याचे एक मोठे कारण हेच.

लघवी तर सतत खाली वाहत असते, मग हा जिवाणू वाहून का जात नाही? त्याच्या काही जातींच्या अंगावर केसासारखे सूक्ष्म तंतू असतात आणि तंतूंच्या टोकाचे प्रथिन मूत्रमार्गाच्या अस्तरातील पेशींवरच्या विशिष्ट शर्करेला घट्ट पकडते. तरीही वाहती लघवी हेच शरीराचे मोठे संरक्षण आहे, आणि ते कमकुवत होते ते प्रवाह अडल्यावर: मुतखडा, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, किंवा गरोदरपणात सैल पडलेल्या आणि गर्भाशयाखाली दबलेल्या मूत्रवाहिन्या. मधुमेहही धोका वाढवतो.

लघवीला जळजळ होणे आणि वारंवार जावे लागणे ही मूत्राशयाच्या संसर्गाची लक्षणे. त्यासोबत थंडी वाजून ताप, मळमळ आणि एका कुशीत दुखणे सुरू झाले, की संसर्ग वर पोहोचल्याची शंका घ्यावी. शेवटची बरगडी पाठीच्या कण्याला जिथे मिळते त्या कोनात डॉक्टर मुठीने हलकेच ठोकतात, आणि रुग्ण तेवढ्यानेही कळवळतो. वृद्धांमध्ये मात्र कधी ताप नसतोच. अचानक आलेला गोंधळलेपणा एवढीच काय ती खूण.

प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्याआधी लघवीचे कल्चर (त्यातले जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी) करावे, हा नियम अनेकदा घाईत मोडला जातो. पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत धरायची आणि डबी लगेच प्रयोगशाळेत पोहोचवायची. ती बाहेर तशीच पडून राहिली, तर जिवाणू डबीतच वाढतात आणि अहवाल फसवा येतो. जिवाणू कोणता आणि त्यावर कोणते औषध चालेल, हे कळायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. उपचार तोवर थांबवत नाहीत, अंदाजाने सुरू केलेले औषध अहवालानुसार बदलतात.

मूत्राशयाच्या संसर्गासाठी उत्तम असलेले नायट्रोफ्युरॅन्टॉइन हे प्रतिजैविक मूत्रपिंडाच्या संसर्गात उपयोगी पडत नाही, कारण ते लघवीत साठते पण मूत्रपिंडाच्या ऊतींमध्ये पुरेसे पोहोचत नाही. म्हणूनच मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेणे धोक्याचे. औषधानुसार उपचार ५ ते १४ दिवस चालतात. उलट्या होत असतील, रक्तदाब घसरला असेल किंवा रुग्ण गरोदर असेल, तर सहसा रुग्णालयात दाखल करून शिरेतून औषध देतात. भरपूर पाणी पिऊन हा संसर्ग बरा होतो, हा गैरसमज आहे.

योग्य औषधानेही ताप उतरायला दोन-तीन दिवस लागू शकतात. त्यानंतरही तो हटला नाही, तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून गळू वा अडथळा शोधावा लागतो. मुतखडा आधीपासून माहीत असेल, तर इतके दिवसही थांबू नये. खड्याने अडलेल्या मूत्रपिंडात दाबाखाली पू साचतो आणि तिथवर औषध नीट पोहोचत नाही. अशा वेळी मूत्रवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक नळी) घालून किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी टाकून आधी पुवाला वाट करून देतात. खडा काढण्याचे काम संसर्ग ओसरल्यावर.