दुसऱ्या बॅटरीसाठी केबल किती जाड घ्यायची?

पिकअपला, ज्यूसच्या गाडीला दुसरी बॅटरी बसवणारे बहुतेक ग्राहक काउंटरवर एकच मागणी करतात, "चार मीटर पंचवीसची द्या," म्हणजे २५ स्क्वेअर एमएम जाडीची. किती ॲम्पियरसाठी, असं विचारलं की घोळ सुरू होतो. यात्रेच्या तोंडावर घाईत बसवलेली केबल आठवड्यात परत येते. म्हणून हे पत्रक.

खरी चूक लांबी मोजण्यात होते. करंट प्लसने जातो आणि मायनसने परत येतो. बॅटरीपासून इन्व्हर्टर ४ मीटरवर असेल तर हिशेबात ८ मीटर धरा. टेपसुद्धा केबल जाणार त्या वाटेने, वळणांसकट लावा.

हिशेब सोपा आहे. एकूण मीटर गुणिले ॲम्पियर गुणिले ०.०२, भागिले केबलचे स्क्वेअर एमएम. येतील तेवढे व्होल्ट केबलमध्येच गळतात. ०.०२ हा एक मीटर लांब, एक स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचा रोध, ओहममध्ये. तक्त्यात ०.०१७२ दिसेल, पण तो आकडा २० अंशांचा. खानदेशात मे महिन्यात बॉनेटखालचं तांबं सहज ६० अंशांवर जातं, म्हणून आम्ही ०.०२ धरतो. १२ व्होल्टच्या गाडीत ०.३६ व्होल्टच्या वर गळती नको.

१००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर जवळपास १०० ॲम्पियर ओढतो. ४ मीटर धरले तर पंचवीसच्या केबलला ०.३२ व्होल्ट येतात आणि ती पुरेल असं वाटतं. प्रत्यक्षात ०.६४ जातात. मिक्सर सुरू होताना करंट दुप्पट झाला की १.२८. लोडखाली बॅटरी ११.७ वर असेल, तर इन्व्हर्टरपर्यंत १०.४ च पोचतात. बहुतेक इन्व्हर्टर १०.५ च्या आसपास बंद होतात. मग चांगली बॅटरी वॉरंटीत बदलायला येते! इथे ५० स्क्वेअर एमएमच हवी.

ती महाग पडते, म्हणून आधी इन्व्हर्टर बॅटरीजवळ आणता येतो का ते बघा. अर्ध्या मीटरवर ३५ ची पुरते. इन्व्हर्टरपासून पुढे मिक्सरपर्यंत २३० व्होल्टला जेमतेम साडेचार ॲम्पियर, त्याला दीडची वायर चालते.

दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या केबलला दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावा. शॉर्ट झाला तर करंट दोन्हीकडून येतो. एका बाजूचा फ्यूज उडाला तरी दुसरी बॅटरी केबल जाळते.

स्वस्त केबलची एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याच जाडीत ते तांब्याच्या दोन-तृतीयांशही करंट नीट वाहत नाही. आम्ही ते ठेवत नाही, म्हणून आमचा भाव जास्त वाटतो. थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला बोल्टसाठी बसवायची धातूची कडी, आम्ही हायड्रॉलिक प्रेसनेच दाबून देतो. हातोडीने ठोकलेलं थिंबल काही महिन्यांत ढिलं होऊन तापतं.

कापलेली केबल परत घेतली जात नाही. त्यामुळे येताना इन्व्हर्टरचे वॅट, वाटेने मोजलेली लांबी आणि बॅटरीच्या बोल्टचं माप लिहून आणा. हिशेब काउंटरवर मोफत करून देतो, केबल त्यानंतरच कापतो.